गुडघ्याला ‘शेक’ देण्याआधी : मराठवाड्यातल्या डॉक्टरांना खुलं पत्र

प्रति,
अधिष्ठाता, तसेच अस्थिरोग आणि रेडिएशन ऑन्कोलॉजी विभागांतील सर्व डॉक्टर,
शासकीय वैद्यकीय महाविद्यालये, मराठवाडा

विषय : गुडघ्याच्या झिजेवर कमी डोसची रेडिओथेरपी (किरणांचा उपचार)

सन्माननीय डॉक्टरांनो,
सप्रेम नमस्कार.

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी फिजिओथेरपीचं लहानसं क्लिनिक चालवते. दोन कॉट, एक डायथर्मी म्हणजे आतून ऊब देणारं मशीन, एक आयएफटी म्हणजे सौम्य करंट देणारं मशीन, भिंतीला लावलेली शिडी आणि एक सायकल, एवढाच पसारा. बाजारच्या दिवशी आसपासच्या वाड्या-तांड्यांवरून बायका येतात. बहुतेकींचं दुखणं एकच, गुडघे.

गेल्या महिन्यात एक मावशी आल्या. पदराच्या गाठीतून चार घड्या घातलेलं पत्रक काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, “वाच की माय, काय लिव्हलंय.” पत्रकावर लिहिलं होतं, की ऑपरेशन नको, इंजेक्शन नको, किरणांनी गुडघेदुखी कायमची बंद. खाली शिबिराची तारीख आणि एक मोबाइल नंबर. डॉक्टरचं नाव नाही, दवाखान्याचा पत्ता नाही, किती डोस, किती वेळा, कुणी द्यायचा, काही नाही. मी वाचून दाखवलं. त्यांनी नीट ऐकलं आणि विचारलं, “म्हंजी तू देतीस तसलाच शेक का ह्यो?”

मला जमलं तेवढं सांगितलं. पण माझं उत्तर अर्धवट होतं. पुरं उत्तर देणं तुमच्या हातात आहे, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

आधी या ‘शेक’ शब्दाबद्दल बोलू द्या, कारण पुढचा सगळा घोळ इथूनच सुरू होतो. आपल्याकडे तव्यावर गरम केलेल्या फडक्याचा शेक असतो, विटेचा असतो, मिठाच्या पुरचुंडीचा असतो, रबरी पिशवीचा असतो. माझ्याकडच्या डायथर्मीला ‘मशीनचा शेक’ म्हणतात आणि आयएफटीला ‘करंट’. आणि कॅन्सरच्या दवाखान्यात लिनॅकखाली, म्हणजे किरण सोडणाऱ्या मोठ्या मशीनखाली झोपवतात, तोही शेकच. “आईला पंचवीस शेक झाले, अजून पाच राहिलेत,” असं एसटीत शेजारी बसलेला माणूस सांगतो तेव्हा तो काय सांगतोय हे सगळ्यांना कळतं. पण गुडघ्याच्या बाबतीत तोच शब्द आला की बाईच्या डोळ्यांसमोर मिठाची पुरचुंडी उभी राहते. संमतीपत्रावर अंगठा उठवताना तिच्या मनात पुरचुंडी असेल, तर त्या अंगठ्याला संमती म्हणायचं का? आणि समजा, कुणी तिला खरं ते सांगितलं, की हे कॅन्सरवाल्यांचं मशीन आहे, तर ती तिथल्या तिथे रडायला लागते. “मला काय कॅन्सर झालाय व्हय? मपल्यापासून लपवायलेत का समदे?” हे मी कानांनी ऐकलंय.

मी या उपचाराच्या विरोधात नाही, हे आधीच सांगून टाकते. हाती असलेलं वाचलं, समजून घेतलं आणि मला वाटतं यात काहीतरी आहे. पण ते ‘काहीतरी’ नेमकं किती, कुणाला आणि किती काळ, हे आपल्या माणसांवर कुणी तपासलेलं नाही. ते तपासण्याआधीच पत्रकं गावात पोचली आहेत. माझी तक्रार एवढीच आहे आणि मागणीही तिच्यातूनच निघते. हा उपचार मराठवाड्यात यायचाच असेल, तर तो आधी तुमच्या दारातून, चाचणी म्हणून, नोंद ठेवून यावा. शिबिराच्या मांडवातून येऊ नये.

गुडघ्याचा एक्स-रे बघून “गॅप कमी झालाय” असं सांगितलं की पेशंटला वाटतं, आता गॅप भरायचं औषध मिळणार. हाडांच्या टोकांवरची कूर्चा झिजली की ती परत वाढवणारं औषध आजही नाही, आणि किरणांनीही गॅप भरत नाही. किरणांचा उपयोग असलाच तर तो सुजेवर. सांध्याच्या आतलं अस्तर सुजतं, त्या सुजेत पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बाहेर उतरतात आणि दुखणं धुमसत ठेवतात. अर्ध्या ग्रेच्या (ग्रे म्हणजे किरणांचा डोस मोजायचं माप) आसपासच्या डोसनं हे चिकटणं कमी होतं, मॅक्रोफेज नावाच्या पांढऱ्या पेशींमधून सुटणारा, सूज वाढवणारा नायट्रिक ऑक्साइड कमी होतो, असं प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. डोस वाढवला की हा गुण वाढत जात नाही. मोठा डोस उलट सूज पेटवतो. त्यामुळे ‘जास्त दिलं की जास्त आराम’ हा आपल्याकडचा सलाइनवाला हिशेब इथे चालत नाही.

हे आकडे तुम्हाला पाठ आहेत, पण पत्र खुलं आहे, म्हणून वाचणाऱ्यांसाठी सांगते. कॅन्सरच्या गाठीला साधारण ५० ते ७० ग्रे डोस लागतो, तो रोज थोडा थोडा करून काही आठवडे देतात. सांध्याच्या दुखण्याला एका वेळी ०.५ ते १ ग्रे, आठवड्यातून दोन-तीनदा, असे सहा शेक, म्हणजे एकूण ३ ते ६ ग्रे. मशीन तेच, झोपायचा टेबल तोच, पण डोस दहा-वीस पटींनी कमी. केस जात नाहीत, उलट्या होत नाहीत, त्वचा करपत नाही. आराम पडायचा असेल तर तो काही आठवड्यांनी, कधी दोन-तीन महिन्यांनी जाणवतो. सुरुवातीला दुखणं थोडं वाढूही शकतं. जर्मनीत हा उपचार कित्येक दशकं रोजच्या कामासारखा चालतो, तिथल्या रेडिएशन ऑन्कोलॉजिस्टांची त्यावर लेखी मार्गदर्शक तत्त्वं आहेत, आणि पहिल्या फेरीनं पुरेसा आराम पडला नाही तर काही आठवडे थांबून दुसरी फेरी देतात. आपल्याकडेही किरणं फक्त कॅन्सरलाच देतात असं नाही. केलॉइडचा, म्हणजे फुगून वाढत जाणारा व्रण काढल्यावर तो परत वाढू नये म्हणून देतात. २०२० मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये कोविडच्या न्यूमोनियासाठी दहा रुग्णांच्या फुप्फुसांना ०.७ ग्रेचा एकच डोस देऊन पाहिला होता. त्यामुळे ‘हे आपल्याकडे कसं करायचं’ हा प्रश्न यंत्राचा किंवा कौशल्याचा नाही.

प्रश्न पुराव्याचा आहे. त्यावर थोडं थांबते, कारण पत्रकवाल्यांना नेमकं हेच झाकायचं असतं.

नेदरलँड्समध्ये दोन चाचण्या झाल्या, एक गुडघ्यांवर आणि एक हातांच्या सांध्यांवर. निकाल २०१८ च्या सुमारास आले. निम्म्या रुग्णांना १ ग्रेचे सहा डोस दिले. उरलेल्यांना त्याच टेबलावर झोपवलं, तेच मशीन फिरवलं, पण किरण सोडले नाहीत. कुणाला खरा आणि कुणाला रिकामा शेक मिळाला, हे रुग्णांना माहीत नव्हतं. तीन महिन्यांनी विचारलं. गुडघ्यांच्या चाचणीत खरे किरण घेतलेल्या २७ पैकी १२ जणांना चांगला आराम, आणि रिकाम्या शेकाच्या २८ पैकी १२ जणांना. म्हणजे फरक काहीच नाही. हातांच्या चाचणीत तर किरणवाल्यांमध्ये २९ टक्के आणि रिकाम्या शेकवाल्यांमध्ये ३६ टक्के. इथे कुणी म्हणेल, संपला विषय.

पण विषय संपला नाही. दक्षिण कोरियात तीन केंद्रांत ११४ रुग्णांवर चाचणी झाली आणि तिचे निकाल २०२५ मध्ये अमेरिकेतल्या रेडिएशन ऑन्कोलॉजिस्टांच्या परिषदेत मांडले गेले. या रुग्णांची झीज सौम्य ते मध्यम होती. इथे डोस नेदरलँड्सच्या निम्मा, सहा वेळा मिळून ३ ग्रे. चार महिन्यांनी ३ ग्रे घेतलेल्यांपैकी ७०.३ टक्क्यांना चांगला आराम, आणि रिकाम्या शेकवाल्यांपैकी ४१.७ टक्क्यांना. एका तिसऱ्या गटाला अगदी नाममात्र, ०.३ ग्रे दिला होता. त्यांच्यात ५८.३ टक्के. म्हणजे झीज फार पुढे गेलेली नसताना, कमी डोसनं, फायदा होत असावा. नेदरलँड्सचे रुग्ण बाकीचे उपाय करून थकलेले, जास्त दुखणारे होते, त्यामुळे दोन्ही निकाल एकाच वेळी खरे असू शकतात.

आता या आकड्यांतली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. रिकाम्या शेकानं नेदरलँड्सच्या गुडघ्यांच्या चाचणीत शंभरातल्या ४३ जणांना बरं वाटलं आणि कोरियात ४२ जणांना. दोन देश, दोन भाषा, दोन तऱ्हेची माणसं, आणि आकडा जवळजवळ एकच. आपल्याकडेही तसंच होईल, कदाचित जास्तच. मोठा दवाखाना, थंडगार खोली, छतापर्यंत पोचणारं मशीन, डॉक्टर स्वतः येऊन गुडघ्याला हात लावून गेले. ज्या बाईचं दुखणं आयुष्यात कुणी नीट विचारलेलं नाही, तिला एवढ्यानंच हलकं वाटतं. मी रोज बघते. माझ्या क्लिनिकमध्येही पहिल्या भेटीतच काहींचं दुखणं उतरतं, आणि तेव्हा मी फक्त ऐकून घेतलेलं असतं. त्या आरामाला मी खोटं म्हणणार नाही. पण त्याच्या जोरावर पत्रक छापणारा माणूस उद्या शिबिरात मावशीला उभं करून म्हणेल, “सांगा सगळ्यांना, आराम पडला का नाही?” आणि मावशी खरंच सांगेल, पडला. म्हणून ‘अमुक इतक्या पेशंटना आराम पडला’ हे वाक्य या उपचाराबाबतीत ऐकूच नये. रिकाम्या शेकापेक्षा किती जास्त जणांना पडला, एवढंच विचारावं. ते विचारण्याची ताकद एकट्यादुकट्या क्लिनिकमध्ये नाही, तुमच्या विभागांत आहे.

धोक्याबद्दल. रॉन्टजेननं १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले आणि थोड्याच वर्षांत ते सांधेदुखीवर वापरून पाहायला सुरुवातही झाली. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात युरोप-अमेरिकेत हा नेहमीचा उपचार होता. ब्रिटनमध्ये पाठीचा कणा आखडणाऱ्या रोगासाठी, अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिससाठी, १९३५ ते १९५४ या काळात किरण घेतलेल्या तेरा हजारांहून अधिक रुग्णांची कागदपत्रं कोर्ट ब्राउन आणि रिचर्ड डॉल यांनी तपासली. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कॅन्सर यांचा संबंध दाखवणारे तेच हे डॉल. १९५७ मध्ये त्यांनी मांडलं, की या रुग्णांमध्ये रक्ताचा कॅन्सर अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त आढळतो. तोवर कॉर्टिसोन हे सूज उतरवणारं औषध आलं होतं, पुढे नव्या वेदनाशामक गोळ्याही आल्या, आणि बऱ्याच देशांतून ही पद्धत मागे पडली. त्या वेळचे डोस आजच्यापेक्षा खूप मोठे होते आणि किरण सगळ्या कण्यावर पडत होते, जिथे मोठ्या माणसाच्या शरीरात रक्त तयार करणारा मगज भरलेला असतो. गुडघ्याच्या हाडांत वयस्कर माणसाला तो मगज जवळजवळ उरलेला नसतो. त्यामुळे आजच्या सहा शेकांचा धोका फार छोटा धरतात. छोटा धरतात, शून्य नाही, आणि तरुण वयात तो जास्त असतो, कारण किरणांचे दूरचे परिणाम दिसायला पुढे वर्षं उरलेली असतात. म्हणूनच हा उपचार वयस्करांपुरता ठेवतात. गरोदर बाईला तर नाहीच.

आणि इथे मराठवाड्याचा वेगळा प्रश्न उभा राहतो.

माझी आई ऊसतोडीला जायची. आई आणि वडील मिळून एक कोयता. दसरा झाला की मुकादमाचा ट्रक, आणि घरी परत येईपर्यंत उन्हाळा लागलेला. उसाची मोळी डोक्यावर घेऊन, उभ्या फळीवरून ट्रकवर चढायचं, मोळी टाकायची, उतरायचं, दुसरी उचलायची. दिवसातून किती वेळा, ते तिनं कधी मोजलं नाही. चाळिशीच्या आतच तिचे गुडघे गेले. आता ती एसटीतून पाठमोरी उतरते, लहान लेकरू जिन्यावरून उतरतं तशी. दोन्ही हातांनी दांडा धरून आधी दुखरा पाय खाली सोडते आणि तो जमिनीला टेकेपर्यंत श्वास धरून ठेवते. मागचे लोक खोळंबतात. कंडक्टर चांगला असला तर “होऊ द्या मावशी, घाई नाही” म्हणतो. मी फिजिओथेरपी शिकले तेव्हा पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. आई हे न शिकता करत होती.

तिच्यासारख्या बायका माझ्याकडे रोज येतात, बेचाळीस-पंचेचाळीसच्या. एक्स-रे बघितला तर साठीचा वाटावा. बाहेरच्या देशांतल्या चाचण्यांतले रुग्ण वयस्कर असतात, त्यांना वयाची अट सहज लागू पडते. आमच्याकडे अट पाळायची कशी? आधार कार्डावर जन्मतारीख एक जानेवारी असते, कारण खरी कुणाला माहीत नसते. “दुष्काळ पडला तवाची,” असं वय सांगतात. कार्डावर पन्नास, पण थोरलं लेकरू पंचवीसचं आणि लग्न पंधराव्या वर्षी, म्हणजे बाई चाळिशीच्या जरा पुढची. हा हिशेब तुमच्या ओपीडीतल्या रांगेत कोण करत बसणार? पण तो करावाच लागेल. नाहीतर ज्यांनी किरण घेऊ नयेत नेमक्या त्याच जास्त घेतील, कारण दुखणं त्यांचंच जास्त आणि मजुरीही त्यांचीच बुडते.

गर्भपिशवीचं काय झालं, ते तुम्हाला माहीत आहे. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनानं समिती नेमली. आमच्या जिल्ह्यात ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून अधिक बायकांची पिशवी काढलेली निघाली. पाळीत खाडा नको, अंगावरचं जाणं नको, कॅन्सर होईल ही भीती, दाखवायला एक सोनोग्राफी, आणि लगेच ऑपरेशन. शस्त्रक्रिया म्हणून गर्भाशय काढणं वाईट नाही. योग्य कारण असेल तर ती जीव वाचवते. वाईट झालं ते असं, की एक खरा उपचार अडाणी भीतीला आणि पैशाला जोडला गेला आणि बघणारं कुणी नव्हतं. लवकर पिशवी काढलेल्या, त्यातही अंडाशयं गेलेल्या बायकांची हाडं लवकर ठिसूळ होतात. त्याच बायका आज माझ्या कॉटवर गुडघे आणि कंबर घेऊन झोपलेल्या आहेत. त्यांना परत एकदा ‘कायमचं बंद’ असं कुणी विकत असेल, तर मला झोप कशी लागेल?

आमच्या घरातही हे होऊन गेलं आहे. आईला एका दवाखान्यात गुडघ्यात तीन इंजेक्शनं घ्यायला लावली. “ग्रीस भरल्यासारखं होईल,” असं सांगितलं. वडिलांनी मुकादमाकडून उचल वाढवून घेतली. आराम दीड महिना टिकला आणि उचल फेडायला पुढचा अख्खा हंगाम गेला. त्याआधी आणि त्यानंतर वर्षानुवर्षं मेडिकलमधून पट्टी आणून डायक्लोफिनॅक चालूच. आता तिचं क्रिएटिनिन वाढलेलं आहे, म्हणजे किडनी थकली आहे, आणि दुखण्याची गोळी घ्यायची सोय उरलेली नाही. म्हणून कमी डोसच्या किरणांबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला मनापासून आशा वाटली होती, हे कबूल करते. ज्यांची किडनी थकली आहे, पोटात जखमा आहेत, हृदयामुळे भूल देता येत नाही, वाटी बदलण्याचं ऑपरेशन ज्यांना झेपणार नाही, अशा माणसांसाठी ही वाट खरी निघाली तर किती मोठी गोष्ट आहे! २०१७ मध्ये सरकारनं गुडघ्याच्या सांध्याच्या किमतीवर मर्यादा घातली, त्याचा फायदा झाला, पण ऑपरेशन झाल्यावर उकिडवं बसून खुरपणं काही परत येत नाही.

निदानाबद्दलही बोलायला हवं. आमच्याकडे सगळ्या सांधेदुखीला ‘वात’ म्हणतात, आणि शिबिरात सगळे वात एका रांगेत उभे राहतात. सकाळी उठल्यावर तासभर बोटं वळत नाहीत, दोन्ही हातांचे सांधे सुजलेले, अशा आमवाताच्या बाईला मेथोट्रेक्सेटसारखं औषध वेळेवर मिळालं तर सांधे वाकडे होण्यापासून वाचतात. तिनं किरणांच्या नादात सहा महिने घालवले तर ते परत मिळणार नाहीत. २००६ च्या चिकुनगुन्याच्या साथीत मराठवाड्यातली गावंच्या गावं खाटेवर पडली होती, आणि तापानंतर महिनोन् महिने सांधे धरून बसलेले लोक आजही दर पावसाळ्यानंतर दिसतात. त्यांचं दुखणं पुष्कळदा आपोआप उतरतं. तिकडे किनवटच्या भागात काही गावांत पाण्यातल्या फ्लोराइडनं हाडं आणि सांधे आखडलेले आहेत, त्यांना आधी पाणी बदलून हवं. यांपैकी प्रत्येकाला ‘गुडघेदुखी’ म्हणून टेबलावर झोपवता येईल. म्हणून चाचणीच्या दारात आधी अस्थिरोगतज्ज्ञ हवा आणि त्याला नाही म्हणायची मुभा हवी.

व्यायामाचं मी थोडक्यात सांगते, माझाच विषय असला तरी. मांडीचा पुढचा स्नायू बळकट केल्यानं आणि वजन उतरवल्यानं झिजेचं दुखणं कमी होतं, याचा पुरावा किरणांपेक्षा कितीतरी पक्का आहे. बायका म्हणतात, “दिसभर राबतो की आमी, अजून कसला व्यायाम?” त्यांना समजावून, गुडघ्याखाली पंचाची गुंडाळी ठेवून दाबायला शिकवावं लागतं. किरणं ही त्याच्यानंतरची पायरी असावी.

आता मागणी स्पष्ट करते. छत्रपती संभाजीनगर, अंबाजोगाई, नांदेड, लातूर इथली महाविद्यालयं मिळून एक चाचणी उभी करू शकतात. नैतिकता समितीची मंजुरी घेऊन, क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंदवून, खरा शेक आणि रिकामा शेक अशा दोन गटांत. रिकाम्या गटाला चाचणी संपल्यावर, आणि उपचार खरा ठरला तर, खरा शेक देता येईल. एका पेशंटमागे किती रुपये, हा प्रश्नच तिथे येणार नाही. निकाल ‘उपयोग नाही’ असा निघाला तरी तो मराठीत, मोठ्या अक्षरांत, प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या भिंतीवर लावा. त्या एका कागदानं शंभर शिबिरं बंद पडतील. आणि आराम वर्षभर टिकतो का, हे बघितल्याशिवाय चाचणी संपली असं म्हणू नका. थोड्या दिवसांचा आराम आम्हाला त्या इंजेक्शनांनीही दाखवला होता.

मशीन कॅन्सरच्या रुग्णांचं आहे, हे मी विसरलेले नाही. मराठवाड्यात रेडिओथेरपीची ठिकाणं बोटांवर मोजण्याइतकी, आणि तिथे तारीख मिळण्यासाठी माणसं किती दिवस धर्मशाळेत काढतात ते मी पाहिलं आहे. गुडघ्यासाठी एकाही कॅन्सर पेशंटचा शेक पुढे ढकलला जाऊ नये. दिवसाचं काम आटोपल्यावरच्या वेळेत, ठरावीक दिवशी, मेडिकल फिजिसिस्टना झेपेल इतकेच गुडघे घ्या. कमी घ्या, पण नोंद पक्की ठेवा.

वेळेचं एक सांगायचं आहे, जे मुंबई-दिल्लीत बसून चाचणी आखणाऱ्याच्या लक्षात येणार नाही. ऊसतोड बायका दसऱ्याच्या सुमारास गाव सोडतात. ऑगस्टमध्ये शेक दिले तर चार महिन्यांनी गुडघा तपासायला ती बाई कोल्हापूरच्या फडात असेल आणि तुमच्या कागदावर ‘संपर्क तुटला’ अशी नोंद पडेल. नावं एप्रिलमध्ये लिहा, सहा शेक मे महिन्यात पूर्ण करा, म्हणजे चौथा महिना सप्टेंबरात येतो आणि बाई घरी सापडते. महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास मोफत आहे, पण सहा फेऱ्यांची बुडालेली मजुरी कुणीतरी भरून द्यायला हवी. चाचणीच्या खर्चात ती धरा. तपासणीसाठी त्यांना परत शहरात बोलावू नका. अर्ध्या मिनिटात खुर्चीतून किती वेळा उठता येतं, किती पायऱ्या चढता येतात, दुखणं दहापैकी किती, हे आम्ही तालुक्याच्या ठिकाणचे फिजिओथेरपिस्ट मोजून देऊ. मला कुणाला खरा आणि कुणाला रिकामा शेक मिळाला हे सांगू नका, म्हणजे माझाही हात वाकडा पडणार नाही. मानधन नको.

आणि संमतीपत्रात ‘शेक’ हा शब्द कुठेही लिहू नका. ‘कॅन्सरला देतात तेच किरण, पण फार थोडे’ असं सरळ लिहा. ‘गॅप भरणार नाही’ असं लिहा. ‘तुम्हाला कॅन्सर झालेला नाही’ हे पहिल्या ओळीत लिहा. मग ते आशाताईकडून मोठ्यानं वाचून घ्या आणि बाईला विचारा, काय कळलं ते तुमच्या शब्दांत सांगा. तिनं सांगितल्यावरच अंगठा घ्या.

पत्रकावरच्या नंबरला मी फोन लावला होता. मशीन कुठलं, किरण कोण देणार, अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना कुणाच्या नावावर आहे, असं विचारलं तर समोरच्यानं फोन ठेवला. पत्रक माझ्याच वहीत आहे, मावशीला परत दिलेलं नाही. शिबिराची तारीख निघून गेली. त्या गेल्या नाहीत, कारण मी थांबा म्हटलं. मोठ्या दवाखान्याच्या डॉक्टरांना विचारून सांगते, असा शब्द देऊन बसले आहे. दर बाजारच्या दिवशी त्या येतात, कॉटवर चढायच्या आधी काठी भिंतीला टेकवतात आणि विचारतात, “आलं का गं माय कागुद?”

आपली नम्र,
एक फिजिओथेरपिस्ट,
जि. बीड